निळूचा पाय

"माझी पट्टी कवा बांधणार, वस्ताद?"

महिपती चौगुलेनं हे विचारलं तेव्हा मौलाचाचांच्या हातात एका गवंड्याचं मनगट होतं. त्यांनी मान वर केली नाही.

मनगटाच्या दोन्ही बाजूंना त्यांनी बांबूच्या कामट्या बसवल्या. कापडाचे दोन वेढे घेतले आणि थांबले.

"घट्ट झालं काय?"

"न्हाई चाचा," गवंडी म्हणाला.

आणखी एक वेढा.

"आता? घट्ट झालं काय?"

चाचांच्या हाताखाली शिकताना महिपती हे नऊ वर्षं ऐकत आला होता, आणि नऊ वर्षं त्याला ते खटकत होतं. ज्याला हाडातलं कळतं त्यानं दुखणेकऱ्याला कशाला विचारायचं? म्हातारपणी माणसाचा स्वतःच्या हातावरचा भरवसा उडतो, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं.

मौलाचाचा नदाफ म्हणजे कृष्णाकाठच्या त्या गावचे हाडवैद्य. गाव त्यांना चाचा म्हणे; तरुणपणी कुस्त्या केलेल्या, म्हणून तालमीतली पोरं वस्ताद म्हणत. तालमीच्या पडवीत त्यांची खाट असायची. निखळलेलं, मुरगळलेलं, चिरलेलं सगळं त्या खाटेपाशी यायचं. हाड कातडं फाडून बाहेर आलं असेल तर मात्र चाचा हात लावायचे नाहीत, सरळ दवाखान्यात पाठवायचे.

त्यांच्या घराण्यात एक रीत होती. शिष्य तयार झाला की खंडेनवमीला कामट्यांपुढे नारळ फुटायचा, तेलाच्या बुधलीला ऊद दाखवायचा, आणि मग वस्ताद स्वतःच्या पटक्याची पट्टी फाडून शिष्याच्या उजव्या मनगटाला बांधायचे. पट्टी बांधली म्हणजे हात दिला. पट्टीशिवाय कोणी वेगळा बसलाच, तर त्याच्यापुढे गावात कुणी साधी करंगळी धरत नसे.

महिपतीचा हात तयार होता, यात वाद नव्हता. निखळलेला खांदा तो एका हिसड्यात बसवायचा. पैलवान त्या हाताला पोलादी म्हणायचे. महिपतीला ते ऐकायला आवडायचं. आवडणारच.

"वस्ताद, मी कायतरी इचारलं."

"ऐकलं." चाचांनी गाठ मारली. "खंडेनवमीला महिना हाय अजून."

"दर साली महिना असतोय."

तेवढ्यात दारात अक्काताई मगदूम उभी राहिली. सत्तरीची बाई, धापा टाकत आलेली. दोन्ही मुलगे पुण्याला, घरात ती एकटी. हातात पिंजरा, आणि पिंजऱ्यावर जुन्या लुगड्याचा तुकडा.

"मौलाभाई, बगा की हो जरा."

तिनं लुगडं बाजूला केलं. आत मुठीएवढं निळं पाखरू. पेठेतला दुकानदार त्याला बजी म्हणतो, गाव लव्हबर्ड म्हणतं, अक्काताई निळू म्हणायची. मांजरानं पिंजऱ्यावर उडी घेतली होती. निळू घाबरून फडफडला आणि त्याचा पाय तारेत अडकून नडगीत मोडला. आता तो कोपऱ्यात पडला होता आणि मोडका पाय अंगाखाली दुमडून बसायला बघत होता.

"बोलतबी न्हाई सकाळधरनं," अक्काताई म्हणाली. "रोज सांजच्याला मला इचारतोय, जेवलास का म्हून. मीच त्याला इचारायची आधी. आता त्योच इचारतोय."

गवंडी हसला. अक्काताई हसली नाही.

चाचांनी पिंजरा उचलून महिपतीपुढे ठेवला.

"बग."

महिपतीला वाटलं थट्टा आहे. "वस्ताद, मी पैलवानांची हाडं बसवतो. चिमण्यांची न्हाई."

"चिमणीलाबी हाडच असतंय."

"हे जमलं तर पट्टी?"

"हे बसव. मग बोलू."

एवढं झाल्यावर महिपती कशाला मागं हटतोय? त्यानं पिंजऱ्यात हात घातला आणि पाखरू मुठीत धरलं.

"मूठ ढिली कर," चाचा म्हणाले. "त्याची छाती दाबलीस तर श्वास बंद पडंल."

महिपतीनं मूठ ढिली केली. खराट्याची काडी उभी चिरली, दोन्ही अंगांनी पायाला लावली, आणि शिवणाच्या दोऱ्याचे पाच वेढे गच्च ओढून घेतले. हाड हलता कामा नये, हा त्याचा धडा. पैलवानाला बांधताना तो गुडघा टेकवून पट्टी ओढायचा. इथं गुडघा लागला नाही, एवढाच फरक. दोऱ्याचं टोक त्यानं दातानं तोडलं.

काम देखणं झालं होतं. पडवीतल्या दोघातिघांनी "वा रं गड्या" म्हटलं.

"इचारलंस?" चाचांनी खाटेवरून विचारलं.

"काय?"

"घट्ट झालं काय म्हून."

पडवी हसली. सगळ्यात मोठ्यानं महिपती हसला.

"पाखराला इचारू? आणि ते काय सांगंल?"

चाचांनी पिंजऱ्यावर लुगडं ओढलं. "सांजच्याला अक्काच्या घरी जा. बोटं बग. गार लागली, रंग बदलला, तर दोरा सोड. उद्या परत जा. परवा परत."

"जातो."

पण त्या संध्याकाळी शेजारच्या गावात कुस्त्यांचं मैदान होतं. महिपतीला न्यायला जीप आली. तिथं त्याला फेटा बांधला, माइकवरून त्याचं नाव पुकारलं, दोन खांदे त्यानं भर मैदानात बसवले आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या. मुक्काम एकाचे दोन झाले. पाखराची आठवण त्याला एकदा आली होती, हे त्यानं पुढं स्वतःच सांगितलं. आली, आणि त्यानं ती झटकली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो फेट्यासकट तालमीत आला, तेव्हा अक्काताई पडवीत बसली होती.

निळू पिंजऱ्याच्या तळाशी होता. पिसं फुगवून, डोळे मिटून. दोऱ्याच्या खालचा पाय काळा पडला होता, वाळक्या काडीसारखा.

महिपतीनं दोरा कापला. पाखराच्या बोटाला बोट लावलं. गार होतं.

चाचा खाटेवरून उठले. त्यांनी शिवणाचा दोरा घेतला आणि महिपतीची करंगळी धरली. पाच वेढे घेतले. महिपतीनं घेतले होते तेवढेच, आणि तसेच ओढून. गाठ मारली.

"बस."

"किती येळ, वस्ताद?"

चाचा दुसऱ्या माणसाच्या घोट्याला तेल लावू लागले. महिपती बसला. करंगळी लाल झाली, मग जांभळी. मग ती ठणकू लागली, आणि ठणका कोपरापर्यंत चढला. दुसरा हात मोकळा होता. दोरा सोडायला कोणी नको म्हटलं नव्हतं. पण नऊ वर्षांत त्यानं वस्तादांपुढं कधी 'दुखतंय' म्हटलं नव्हतं. पैलवान म्हणत नसतात.

घोटा झाला. चाचांनी हात पुसले.

"वस्ताद..."

"बोल."

"घट्ट झालंय."

चाचांनी दोरा कापला.

"तुला बोलता तरी येतंय," ते म्हणाले.

महिपतीनं फेटा काढून खुंटीला लावला, पिंजरा उचलला आणि तालुक्याला गुरांच्या डॉक्टरांकडं निघाला. मागं गाडीवर अक्काताई, तिच्या मांडीवर पिंजरा. रस्त्यात एकही खड्डा त्यानं वेगानं घेतला नाही.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पाय बघितला आणि महिपतीकडं बघितलं.

"हे कुणी बांधलं?"

"मी."

"पाय गेला हा. वाळून आपोआप गळेल, ओढायचा नाही. पाखरू वाचेल की नाही, ते आज सांगता येत नाही." त्यांनी थेंबांचं औषध दिलं. "ऊब द्या. आणि एक लक्षात ठेवा, आजारी पाखरू बरं असल्याचं सोंग करतं. दाण्यात चोच मारत राहतं, पण खात नाही. चोचीकडं नका बघू, टरफलं रिकामी पडतात का बघा."

परत आल्यावर पडवीत अक्काताई पहिल्यांदा बोलली. रागानं बोलली असती तर बरं झालं असतं.

"सांजच्याला घरात दिवा लावला की त्यो एकटाच मला इचारतोय," ती म्हणाली. "बाकी कोण हाय इचारायला?"

महिपती पिंजऱ्यापाशी खाली बसला. "अक्का, ह्यो जित्ता तुमच्या घरी आणून देतो. तवर पट्टीचं नाव काढायचा न्हाई. आईची शपथ—"

"शपथ नगं," चाचा म्हणाले. "दाणं भिजव."

मग थोडं थांबून ते म्हणाले, "त्या सांजच्याला मी उठून जायला पायजे हुतं, अक्का. तुझ्या पाखराला ह्याच्यावर सोडून मी खाटंवर बसलो. माझीबी चूक हाय ती."

हे महिपतीला करंगळीपेक्षा जास्त लागलं.

त्यानं आंब्याची रिकामी पेटी आणली, तळाला मऊ फडकं घातलं, वर अंतरावर दिवा टांगला. राळ्याचे बारीक दाणे भिजवले. कापसाच्या वातीनं पाण्याचा थेंब चोचीला लावायचा, औषध द्यायचं, आणि मग टरफलं बघायची. पहिल्या दिवशी निळू दाण्यात चोच मारत होता. टरफल एकही रिकामं नव्हतं.

"नाटक करतोय लेकाचा," महिपती म्हणाला.

"तुझ्यागत," चाचा म्हणाले.

मैदानातून निरोप आले, महिपती गेला नाही. तालमीतली पोरं म्हणाली, पैलवान पाखराची आई झाला. त्यानं ऐकून घेतलं. एरवी त्यानं एकेकाला मातीत घोळसलं असतं. पाचव्या दिवशी निळूची मान कलली. महिपतीनं त्याला सदऱ्याच्या आत छातीशी ठेवलं आणि दिवसभर तसाच भिंतीला टेकून बसला, न हलता. हलायचं नाही हा धडा तो इतकी वर्षं दुसऱ्यांना देत आला होता. संध्याकाळी सदऱ्यात काहीतरी खरवडलं. त्यानं तळहातावर चार राळे धरले. निळूनं एक उचलला, चोचीत फिरवला, आणि रिकामं टरफल महिपतीच्या अंगठ्यावर पडलं.

महिपतीनं ते टरफल चाचांना दाखवायला नेलं. एवढा मोठा गडी, आणि टरफल घेऊन धावला.

"हं," चाचा म्हणाले.

नवव्या दिवशी पाय गळून पडला. महिपतीनं ती वाळकी काडी कागदात गुंडाळली आणि खिशात ठेवली.

खरी झुंज त्यानंतर सुरू झाली. निळूला दांडीवर बसायचं होतं. पाखरू जमिनीवर किती दिवस राहील? एका पायावर तो उभा राहायचा, झोक जायचा, पडायचा. मग चोचीनं तार धरायची, अंग वर ओढायचं, एक पाय टेकायचा, पुन्हा चोच. दांडीपर्यंत पोचायचा आणि परत पडायचा. महिपती मोजत नव्हता, नुसता बघत होता. इतक्या वेळा चितपट होऊन पुन्हा शड्डू ठोकणारा गडी त्यानं तालमीत पाहिला नव्हता.

हात पुढं करून त्याला वर ठेवावं, असं त्याला फार वाटायचं. एकदा त्यानं ठेवलंही. निळूनं त्याला चावा घेतला आणि खाली उतरून पुन्हा स्वतः चढू लागला.

"त्याला काय पायजे, त्यो सांगतोय की," चाचा खाटेवरून म्हणाले.

दांडी गुळगुळीत होती, पाय घसरत होता. विसाव्या दिवशी महिपतीनं दांडी बाहेर काढली, चपटी तासली, आणि तिच्यावर जुन्या धोतराची चिंधी गुंडाळायला घेतली. घट्ट गुंडाळली तर नखं रुतणार नाहीत, सैल ठेवली तर चिंधी फिरणार. दोन वेढे घेतले. दांडी पिंजऱ्यात धरली. निळू त्याच्या बोटावरून दांडीवर आला आणि नखानं चिंधी चाचपू लागला. महिपतीनं मान वाकवून अगदी जवळून पाहिलं.

"घट्ट झालं काय रं?"

तोंडातून निघून गेलं ते. त्यानं चमकून मागं पाहिलं. चाचांचे डोळे मिटलेले होते, जागे असले तरी मिटलेले.

निळूनं मान तिरकी केली. घशात काहीतरी कुरकुरलं, आणि मग घाईघाईनं, अक्काताईच्या सुरात, तो म्हणाला,

"जेवलास का?"

महिपती जेवला नव्हता. सकाळपासून त्याला आठवणच झाली नव्हती. तो पिंजऱ्यापुढं बसला आणि ढसाढसा रडला. पडवीत माणसं होती. त्यांच्यापुढं रडला.

खंडेनवमीला तालमीच्या पडवीत कामट्या मांडल्या होत्या. बुधलीपुढं ऊद जळत होता. मारुतीला शेंदूर लावून झाला होता. गाव जमलं होतं, कारण यंदा पट्टी बांधणार अशी कुणकुण सगळ्यांना होती.

अक्काताई आली. महिपतीनं पिंजरा तिच्या हातात दिला. निळू दांडीवर उभा होता, एका पायावर, ताठ.

कुणीतरी विचारलं, "पाय कुटं गेला त्याचा?"

महिपतीनं खिशातून कागद काढला, उघडला, आणि ती काळी काडी कामट्यांपुढं ठेवली.

"माझ्या हातानं गेला," तो म्हणाला. "गच्च बांधलं. बगायला जा म्हणाले हुते, गेलो न्हाई. फेटा बांधून घ्यायला गेलो."

ज्यांनी 'वा रं गड्या' म्हटलं होतं, तेही तिथंच होते. त्यांनी माना खाली घातल्या.

अक्काताईनं पिंजरा वर उचलून पाहिला. निळूनं तिच्याकडं पाहिलं.

"जेवलास का?"

"न्हाई रं बाबा अजून," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. मग महिपतीला म्हणाली, "सांजच्याला येत जा की बगायला. तवा यायचं ऱ्हायलंय तुझं."

"येतो, अक्का."

चाचांनी डोक्यावरचा पटका उतरवला. टोक दातात धरून पट्टी फाडली. फाटण्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"हात आण."

महिपतीनं डावा हात पुढं केला.

"उजवा."

"वस्ताद, त्याला नगं." महिपतीनं उजवा हात पाठीमागं घेतला. "त्या हातानं पाय घालवलाय."

"म्हून तर त्योच आण."

महिपतीचा हात पाठीमागंच राहिला.

"आण."

महिपतीनं उजवा हात पुढं केला. मनगटावर त्यांनी एक वेढा घेतला. दुसरा घेतला. पट्टी हलकेच ओढली आणि थांबले. गाठ अजून मारली नव्हती.

त्यांनी महिपतीच्या बोटांना हात लावून पाहिला, मग वर त्याच्या डोळ्यांकडं पाहिलं.

"घट्ट झालं काय रं?"